जुन्या ऑटोमॅटिक गाडीचा गिअरबॉक्स ‘गेला’ असं ठरवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुमारे २० वर्षं जुनी, ४ गिअरची, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेली ऑटोमॅटिक गाडी, १ लाख ८० हजार किलोमीटर झालेली. सकाळी पहिल्यांदा ‘डी’ (ड्राइव्ह) टाकला की २-३ सेकंद गाडी जागची हलत नाही, मग झटका देऊन गिअर बसतो. गाडी चांगली तापली की दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्षणभर रेस मोकळी वाढते आणि मग गिअर पकडतो. रिव्हर्सची तक्रार नाही. गॅरेजमध्ये एक फेरी मारून सांगितलं गेलं की बॉक्स गेला, बदलावा लागेल.

तो निकाल खराही निघू शकतो, पण ज्या पद्धतीने दिला गेला त्यावर विसंबून बॉक्स उतरवू नका. तुमच्या दोन तक्रारी एकाच दोषाच्या असतीलच असं नाही. एक थंड असतानाची आहे, दुसरी गरम असतानाची. थंडपणी गिअर उशिरा बसतो तेव्हा संशय कडक झालेल्या रबरी सीलवर, रात्रीतून रिकाम्या होणाऱ्या कन्व्हर्टरवर किंवा हवा ओढणाऱ्या फिल्टरवर जातो. गरमपणी घसरतो तेव्हा पातळ झालेलं ऑइल झिजलेल्या जागांमधून निसटतंय आणि दाब पुरत नाही, ही शक्यता मोठी असते. क्लच प्लेट खरोखर जळालेल्या असतील तर त्या थंड-गरम असा फरक फारसा ठेवत नाहीत. दोन्ही वेळा घसरतात आणि दिवसेंदिवस जास्त घसरतात. म्हणून तक्रार कोणत्या तापमानाला आणि कोणत्या गिअरमध्ये येते हे आधी चार दिवस कागदावर लिहून काढा. पुढची प्रत्येक चाचणी या नोंदींच्या आधाराने वाचायची आहे. (हे सगळं टॉर्क कन्व्हर्टर आणि प्लॅनेटरी गिअर असलेल्या बॉक्सबद्दल आहे. सीव्हीटी किंवा एएमटी या वेगळ्या प्रकारचा ऑटोमॅटिक बॉक्स असेल तर यातलं बरंचसं लागू होत नाही.)

सुरुवात ऑइलच्या पातळीपासून. हे काम सोपं वाटतं आणि म्हणूनच चुकीचं केलं जातं. बहुतेक बॉक्समध्ये पातळी इंजिन चालू ठेवून, ऑइल ७०-८० अंश सेल्सिअसला आणून, सपाट जागेवर पाहायची असते. निदान १५-२० मिनिटं गाडी चालवा, उभी करून पाय ब्रेकवर ठेवा, लिव्हर प्रत्येक जागी २-३ सेकंद थांबवत पूर्ण फिरवून परत ‘पी’मध्ये (पार्क) आणा, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढा. होंडाच्या बऱ्याच जुन्या बॉक्समध्ये मात्र इंजिन बंद करून लगेच, मिनिट-दीड मिनिटाच्या आत पातळी पाहायची असते. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइट बॉक्समध्ये लिव्हर ‘एन’मध्ये (न्यूट्रल) हवा, कारण ‘पी’मध्ये पंप कन्व्हर्टर भरतच नाही. काही बॉक्सना डिपस्टिकच नसते. तिथे ऑइल ठरलेल्या तापमानाला आणून लेव्हल प्लग उघडावा लागतो. तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतं तेच खरं. डिपस्टिक पुसायला धागे सुटणारं कापड घेऊ नका. एक धागासुद्धा व्हॉल्व्ह बॉडीतला (ऑइल कोणत्या क्लचला जायचं ते ठरवणाऱ्या ठोकळ्यातला) व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

पातळी कमी असेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो, हवा दाबली जाते आणि क्लचवर पूर्ण जोर पोचत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारी एवढ्यानेच येऊ शकतात. बऱ्याच गाड्यांत गरम खुणांमधलं अंतर जेमतेम ३००-५०० मिलिलिटरचं असतं, त्यामुळे भरताना २०० मिलिलिटरच्या वर एका वेळी ओतू नका. जास्त भरणंही तितकंच वाईट: फिरणारे भाग ऑइल घुसळतात, फेस होतो आणि फेसाळ ऑइल कमी ऑइलसारखीच लक्षणं देतं. ऑइल कमी झालं असेल तर ते गेलं कुठे हेही शोधा, कारण बंद यंत्रणेतलं ऑइल आपोआप संपत नाही. पॅनचं गॅस्केट, अ‍ॅक्सल सील, कूलरच्या नळ्या, पुढचं पंप सील या नेहमीच्या जागा. बाहेर थेंब नसेल आणि बॉक्स व्हॅक्यूम मॉड्युलेटरवाला (इंजिनच्या व्हॅक्यूमवरून ऑइलचा दाब ठरवणारा पडदा असलेला) जुना असेल, तर मॉड्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून बघा. नळीत ऑइल दिसलं की पडदा फाटलेला आहे. इंजिन ते ऑइल पिऊन पांढरा धूर काढत असतं.

आता ऑइल वाचा. पांढऱ्या टिश्यू पेपरवर डिपस्टिकचा एक थेंब सोडा आणि १० मिनिटं तसाच ठेवा. चांगलं ऑइल एकसारखं पसरतं, लालसर किंवा फिकट तपकिरी डाग पडतो. मध्ये काळा गोळा आणि भोवती बारीक कडा राहिली तर ऑइल मळीने भरलंय. रंगापेक्षा वासावर जास्त भरवसा ठेवा. नुसतं तपकिरी ऑइल म्हणजे वय. करपलेला, नाकात चढणारा वास म्हणजे क्लचचा मसाला (प्लेटवरचा घर्षणाचा थर) जळालाय. बोटांमध्ये चोळून कचकच लागते का तेही पाहा. ऑइल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधाळ दिसलं तर गाडी तिथेच बंद करा. रेडिएटरमधला ऑइल कूलर फुटून कूलंट आत शिरलंय, आणि पाणी व ग्लायकॉल क्लच प्लेटवरचा मसाला चिकटवणारा गोंद सोडवतात. अशी गाडी नुसतं ऑइल बदलून काही दिवस चालते आणि मग प्लेटचे पोपडे सुटतात.

ऑइल ठीक निघालं तरी बॉक्सच्या आत शिरायची घाई नको. ‘डी’ टाकताना बसणारा झटका तुटलेल्या इंजिन माउंटिंगचा असू शकतो. बॉनेट उघडा, एकाने ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ आणि ‘आर’ बदलावं, दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचललं जातं ते पाहावं. इंजिनचा आयडल जास्त असेल तरी गिअर आदळतो. मिस फायरिंग असलेलं इंजिन गिअरबॉक्सच्या नावावर किती दोष खपवतं याला गणती नाही. प्लग, कॉइल, व्हॅक्यूम गळती आधी निस्तरा. थ्रॉटल पोझिशन सेन्सर मल्टिमीटरवर तपासा. पाय सोडलेला असताना साधारण अर्धा व्होल्ट, पूर्ण दाबल्यावर सुमारे साडेचार, आणि मध्ये कुठेही आकडा उडी न मारता चढायला हवा. मध्येच तो शून्यावर आपटला, तर कॉम्प्युटरला नेमक्या त्या जागी चुकीचा अंदाज मिळतो आणि गिअर चुकीच्या क्षणी, चुकीच्या दाबाने बदलतो.

ऑइल पाहून झाल्यावर, तुमच्या गाडीएवढ्या जुन्या गाडीत मी सर्वांत आधी हात घालेन तो थ्रॉटल केबलला. जुन्या हायड्रॉलिक बॉक्समध्ये, आणि टोयोटाच्या काही सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक बॉक्समध्येही, थ्रॉटल बॉडीपासून गिअरबॉक्समध्ये जाणारी एक केबल असते. ती किक-डाउनसाठी (पेडल जोरात दाबल्यावर खालचा गिअर पडण्यासाठी) आहे असा सर्रास समज आहे, पण तिचं मुख्य काम ऑइलचा दाब ठरवणं हे आहे. तुम्ही जेवढा पाय दाबाल तेवढा दाब वाढला पाहिजे, कारण तेवढा जोर क्लचवर येतो. केबल सैल झाली की इंजिन जोर लावतं पण दाब मागे राहतो, गिअर लवकर आणि लुळे बदलतात, तिसऱ्यात जाताना रेस सुटते आणि असंच चालवत राहिलं तर चांगल्या प्लेटही जळतात. जनरल मोटर्सच्या ७००आर४ मध्ये सैल केबलने तिसऱ्या-चौथ्याचा क्लच जळणं इतकं ठरलेलं आहे की केबल न पाहता त्याला हात लावू नये. टोयोटाच्या केबलचं माप पाहायला सोपं आहे: कोणीतरी पेडल तळापर्यंत दाबून धरायचं, इंजिन बंद, आणि आतल्या तारेवर दाबून बसवलेला छोटा मणी रबरी बूटच्या टोकापासून ० ते १ मिलिमीटरवर हवा. तो आणखी मागे आत राहत असेल तर केबल सैल आहे. पुढे बाहेर येत असेल तर घट्ट, आणि मग गिअर उशिरा व आदळत बदलतील. दोन नट सैल करून ५ मिनिटांत हे जुळतं. दुसऱ्या-तिसऱ्यातली मोकळी रेस एवढ्याने थांबल्याची उदाहरणं कमी नाहीत.

इलेक्ट्रॉनिक बॉक्स असेल तर मग स्कॅनर. ‘पी०७००’ हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरला काहीतरी सांगायचंय. खरा कोड त्याच्या मागे असतो. ‘पी०७१५’ इनपुट स्पीड सेन्सर, ‘पी०७२०’ आउटपुट स्पीड सेन्सर, ‘पी०७०५’ लिव्हरच्या जागेचा स्विच, ‘पी०७४०’ लॉकअप (वेगात कन्व्हर्टर घट्ट जोडणारा क्लच), ‘पी०७५०’पासून पुढे शिफ्ट सोलेनॉइड (गिअर बदलणारा, विजेवर चालणारा ऑइलचा व्हॉल्व्ह). ‘पी०७३१’ ते ‘पी०७३४’ या मालिकेत शेवटचा आकडा गिअरचा असतो. ‘पी०७३३’ आला तर तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, म्हणजे घसरण कॉम्प्युटरनेही मोजली आहे. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. सोलेनॉइडचा कोड म्हणजे सोलेनॉइड खराब असा अर्थ नाही. वायर तुटली, कनेक्टरमध्ये ऑइल शिरलं, अर्थिंगची पट्टी गंजली, बॅटरी कमजोर झाली, तरी तोच कोड येतो. कनेक्टर काढून रोध मोजा: चालू-बंद प्रकारचे सोलेनॉइड बनावटीप्रमाणे साधारण ११ ते ३० ओहम दाखवतात, दाब ठरवणारा सोलेनॉइड बराच कमी, ३ ते ६ ओहमच्या आसपास. थंडपणी मोजून थांबू नका, गाडी तापवून पुन्हा मोजा, कारण आतली तार गरम झाल्यावरच तुटत असेल तर थंड आकडा तुम्हाला फसवेल. चालू-बंद सोलेनॉइडला १२ व्होल्ट दिले की ‘टिक’ ऐकू येतं. दाबाच्या सोलेनॉइडला मात्र थेट बॅटरी लावू नका, मध्ये बल्ब जोडा, नाहीतर चांगला सोलेनॉइड तपासता तपासता जळेल.

सकाळच्या उशिराचं कारण वेगळं काढायला एक साधी चाचणी आहे. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन सुरू करा आणि ‘एन’मध्ये पूर्ण १ मिनिट चालू द्या. मग ‘डी’ टाका आणि घड्याळ लावून मोजा. उशीर नाहीसा झाला तर क्लचचा प्रश्न नाही; रात्रीतून कन्व्हर्टरमधलं ऑइल पॅनमध्ये उतरतंय आणि पहिला दाब यायला वेळ लागतोय. यात धोका कमी आहे. १ मिनिटानंतरही ‘डी’ला तोच उशीर राहिला आणि ‘आर’ मात्र पटकन बसला, तर पुढे जाण्यासाठीच्या (फॉरवर्ड) क्लचच्या पिस्टनचं सील कडक झालंय. रबर थंडीत आखडलेलं असतं, कडेने ऑइल निसटतं. तापलं की फुगून बसतं. ‘डी’ आणि ‘आर’ दोन्ही उशिरा बसत असतील तर दोष सामाईक आहे: फिल्टर, फिल्टरच्या मानेवरची ओ-रिंग, पंप किंवा मुख्य दाब. मोजण्यासाठी संदर्भ हवा असेल तर टोयोटाची मापं बऱ्याच जुन्या बॉक्सना अंदाजाला चालतात: गरम बॉक्समध्ये ‘एन’मधून ‘डी’ १.२ सेकंदाच्या आत, ‘एन’मधून ‘आर’ १.५ सेकंदाच्या आत. प्रत्येकी ३ वेळा, मध्ये १ मिनिट थांबून मोजा आणि सरासरी घ्या.

आता तिसऱ्या गिअरकडे. प्रत्येक बॉक्सचा एक क्लच-तक्ता असतो: कोणत्या गिअरमध्ये कोणता क्लच, बॉक्सच्या आतला कोणता ब्रेक पकडलेला असतो. तो तक्ता मिळवल्याशिवाय निदान म्हणजे अंधारात चाचपडणं. बऱ्याच ४ गिअरच्या बॉक्समध्ये तिसरा गिअर आणि रिव्हर्स यांना एकच डायरेक्ट क्लच लागतो. तुमच्या बॉक्समध्ये तसं असेल, तर रिव्हर्स ठणठणीत असणं ही तुमच्या बाजूची खूण आहे: प्लेट पूर्ण जळालेल्या नसाव्यात. मात्र यात एक मेख आहे. रिव्हर्समध्ये मुख्य दाब मुद्दाम जास्त ठेवलेला असतो, त्यामुळे थकलेला क्लचही तिथे तग धरतो आणि तिसऱ्यात, कमी दाबावर, घसरतो. म्हणून ‘रिव्हर्स चालतो’ एवढ्यावर न थांबता चढावर रिव्हर्स घेऊन बघा. उलट बाजूचं उदाहरण जनरल मोटर्सच्या ४एल६०-ई बॉक्सचं: तिथे तिसऱ्या-चौथ्याचा क्लच वेगळा आहे, तो जळाला तर पहिला, दुसरा आणि रिव्हर्स उत्तम चालतात, पुढे काहीच नाही. त्याच बॉक्समध्ये दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले आणि पहिला-तिसरा राहिले, तर सन शेलचे (सन गिअरला फिरवणाऱ्या पत्र्याच्या डब्याचे) दाते गेले आहेत हे पॅन न उघडता सांगता येतं. तक्त्याची ताकद ही अशी आहे.

स्टॉल टेस्ट, म्हणजे गाडी ब्रेकने रोखून इंजिन किती आरपीएमपर्यंत चढतं ते पाहणं, उपयोगी आहे, पण जपून करा. ऑइल ५०-८० अंशांवर, चारही चाकांना अडवणारे ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, डावा पाय ब्रेकवर पूर्ण, गाडीच्या पुढेमागे कोणी नाही. ‘डी’ टाकून पेडल तळापर्यंत दाबा, आरपीएम स्थिरावताच आकडा वाचा आणि सोडा. ५ सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही, कारण इंजिनची सगळी ताकद त्या वेळी ऑइल तापवण्यात जाते. मग ‘एन’मध्ये निदान १ मिनिट थंड होऊ द्या आणि ‘आर’मध्ये तीच कृती करा. ऑइल जळकं असेल किंवा ब्रेक कमजोर असतील तर ही चाचणी टाळा. आकडा मॅन्युअलशी ताडा. बऱ्याच गाड्यांत तो १८०० ते २६०० च्या दरम्यान असतो. ‘डी’ आणि ‘आर’ दोन्हींत जास्त आला तर मुख्य दाब कमी आहे. फक्त ‘डी’मध्ये जास्त आला तर फॉरवर्ड क्लच किंवा पहिल्या गिअरचा वन-वे (एकाच दिशेने पकडणारा) क्लच घसरतोय, फक्त ‘आर’मध्ये जास्त आला तर रिव्हर्सचे भाग. दोन्हींत थोडा कमी आला तर इंजिनात ताकद नाही. ६०० आरपीएमपेक्षा जास्त कमी आला तर कन्व्हर्टरमधला स्टेटर (ऑइलची धार वळवणारं चाक) उलटा फिरतोय. अशी गाडी सुटताना जड असते, वेगात गेल्यावर ठीक वाटते.

अंदाज संपवणारी चाचणी म्हणजे दाबाचं गेज. बॉक्सच्या अंगावर चौकोनी किंवा षटकोनी प्लग असतो, तिथे २० बारपर्यंतचं गेज लांब नळीने जोडायचं. कित्येक ४ गिअरच्या बॉक्समध्ये ‘डी’ला आयडलवर साधारण साडेतीन ते ५ बार आणि स्टॉलला ९ ते १२ बार दिसतात, ‘आर’मध्ये याहून बरंच जास्त, नेमके आकडे मॅन्युअलचे घ्या. थंडपणी दाब बरोबर आणि गरमपणी पडतो, असं दिसलं तर पंप, प्रेशर रेग्युलेटरचा व्हॉल्व्ह किंवा व्हॉल्व्ह बॉडीतली झिजलेली भोकं. दाब रेस दिल्यावर चढतच नसेल तर पुन्हा केबल, मॉड्युलेटर किंवा दाबाचा सोलेनॉइड. दाब थंड-गरम दोन्ही वेळा योग्य आणि तरी तिसरा घसरतो, तर दोष त्या क्लचमध्येच आहे: प्लेट, सील, किंवा ऑइल तिथवर नेणाऱ्या सीलिंग रिंग. बॉक्स उतरवायला हा पुरावा पुरेसा आहे. त्याआधीचं सगळं तर्क आहे.

पॅन उघडाल तेव्हा ऑइल फेकण्याआधी तळ नीट पाहा. चुंबकावर राखाडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असणं नेहमीचं आहे. काळे बारीक कण जास्त असतील तर क्लचचा मसाला. पितळी चमक म्हणजे बुश किंवा थ्रस्ट वॉशर, रुपेरी आणि चुंबकाला न चिकटणारा चुरा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम: पंप, केसिंग किंवा व्हॉल्व्ह बॉडी. चुंबकावर सुईसारखे लोखंडी तुकडे आले तर बेअरिंग किंवा गिअर. फोर्डच्या काही जुन्या बॉक्सच्या पॅनमध्ये प्लॅस्टिकचं एक बूच सापडतं, त्याने घाबरू नका. ते कारखान्यात डिपस्टिकच्या भोकाला लावलेलं असतं आणि जोडणीच्या वेळी आत ढकललं जातं. फिल्टर बसवताना जुनी ओ-रिंग वर भोकात अडकून राहिली नाही ना ते बोटाने तपासा. ती राहिली आणि तिच्यावर नवी बसवली, तर फिल्टर हवा ओढतो आणि सकाळचा उशीर आणखी वाढतो. पॅनचे बोल्ट बहुधा ५ ते १२ न्यूटन-मीटरचेच असतात. जोर लावला की पॅनची कड वाकते आणि गळती कायमची लागते.

एक गल्लत इथेच दूर करतो. ६०-८० च्या वेगात, हलक्या पायावर गाडी खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथरली तर ती चौथ्या गिअरची घसरण नसते, बहुधा लॉकअपची असते. पाय रेसवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श करा, ब्रेक लाइट लागण्यापुरता. लॉकअप सुटतं, आरपीएम २००-४०० ने वाढतो आणि थरथर त्याच क्षणी थांबते. थांबली नाही तर इंजिनचं मिस फायरिंग शोधा.

ऑइल बदलल्याने जुना बॉक्स मरतो, हा समज अर्धा खरा आहे. ज्या बॉक्सच्या प्लेट आधीच जळालेल्या आहेत त्याचा दोष ऑइल बदलल्यावर उघडा पडतो, एवढंच. तुमचं ऑइल तपकिरी पण करपलेलं नसेल तर जरूर बदला, मात्र मशीनने दाब देऊन धुऊन काढू नका. पॅनमधून एका वेळी सगळं ऑइल निघत नाही. समजा बॉक्समध्ये ८ लिटर मावतं आणि पॅनमधून साडेतीन लिटर निघतं. एकदा बदलल्यावर जुनं ५६ टक्के उरतं, दुसऱ्यांदा ३२, तिसऱ्यांदा १८. म्हणून काही शे किलोमीटरच्या अंतराने ३ वेळा काढा-भरा करा, आणि जेवढं निघेल ते मोजून तेवढंच भरा. ऑइल मॅन्युअलमधल्या दर्जाचंच हवं. टी-४, एसपी-३, डेक्सरॉन, एटीएफ+४ ही नुसती नावं नाहीत; त्यांचं घर्षण वेगळं असतं आणि क्लचची पकड त्यावर ठरते.

तुमच्या वर्णनावरून माझा कल असा आहे: आधी पातळी, केबल आणि फिल्टरची ओ-रिंग, मग गेज. पहिल्या तिन्हींपैकी कशात दोष सापडला आणि ऑइल करपलेलं नसलं, तर बॉक्स वाचण्याची शक्यता चांगली आहे. तोवर गाडी चालवायचीच असेल तर तिसरा पकडताना पाय किंचित सोडा. घसरणाऱ्या क्लचवर जोर लावलेला प्रत्येक सेकंद त्याचं आयुष्य खातो. रस्त्यात बंद पडली तर इंजिनचा जोर मिळणारी चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका, कारण इंजिन बंद असताना पंप फिरत नाही आणि बॉक्स कोरडा फिरतो.

आणि गेजने बॉक्सच दोषी ठरवला तर दुसरा बसवण्याआधी रेडिएटरमधला कूलर आणि त्याच्या नळ्या धुऊन घ्या, शक्य तर कूलर बदलाच. बसवून झाल्यावर परतीची नळी बादलीत सोडून आयडलला ऑइल किती येतं ते मोजा: ३० सेकंदांत निदान १ लिटर यायला हवं, आणि तेवढं निघताच इंजिन बंद करून तेवढं परत भरायचं. धार बारीक असेल तर जुन्या प्लेटचा मसाला अजून कूलरमध्ये अडकलेला आहे, आणि तोच नव्या बॉक्सच्या व्हॉल्व्ह बॉडीत जाणार आहे.